ओपीएफ न काढता पेट्रोल गाडी ट्यून कशी करायची

"दादा, ओपीएफ काढून टाकला तर किती पीएस वाढतील?" ओपीएफ म्हणजे पेट्रोल गाडीच्या एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा फिल्टर, आणि पीएस म्हणजे जर्मन मापातली हॉर्सपॉवर. जर्मनीत आपल्या पोरांनी पहिली टर्बो गाडी घेतली की काही दिवसांत हा प्रश्न येतोच. माझं उत्तर ठरलेलं आहे. अरे, तो काढायचं डोक्यातून काढ. तो जागेवर ठेवून जे मिळतं तेच एवढं आहे की तुझे टायर आधी हात टेकतील.

मी मूळचा कोल्हापूरचा, आता श्टुटगार्टजवळच्या एका छोट्या गॅरेजात डायनो (गाडीची ताकद मोजणारं यंत्र) आणि डायग्नोसिसचं काम बघतो. खालची सगळी पद्धत थेट इंजेक्शनच्या टर्बो पेट्रोल गाड्यांसाठी आहे. उदाहरणाला सुरुवातीची गोल्फ ८ जीटीआय धरतो: कंपनीतून २४५ पीएस आणि ३७० न्यूटन-मीटर. तुमची बीएमडब्ल्यू किंवा ह्युंदाई असेल तर आकडे बदलतील, क्रम बदलणार नाही.

आधी थोडं, हा डबा आलाच का ते. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं की काही थेंब पिस्टनच्या डोक्यावर आणि भिंतींवर आपटतात, नीट वाफ होत नाहीत, आणि तिथेच काजळी तयार होते. इंजिन थंड असताना तर सर्वात जास्त. युरोपात सप्टेंबर २०१८ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या थेट-इंजेक्शन पेट्रोल गाडीला किलोमीटरमागे ६०,००० कोटी कणांची मर्यादा लागली. त्याआधी दहापट सूट होती. ऐकायला मर्यादा प्रचंड वाटते, पण हे कण इतके बारीक असतात की त्यांचं एकूण वजन मिलिग्रॅममध्येच राहतं. भारतात बीएस-६ मध्येही थेट इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांना कणांची मर्यादा आहे, त्यामुळे पुण्यात बसून वाचणाऱ्यांनी 'आपल्याला काय त्याचं' म्हणू नये.

त्या वर्षी काय काय झालं ते ट्यूनिंगवाल्यांना पाठ आहे. गोल्फ आर ३१० वरून ३०० पीएसवर आली. बीएमडब्ल्यूनं जुन्या एम३ सेडानला फिल्टर बसवण्याऐवजी मे २०१८ मध्ये तिचं उत्पादनच थांबवलं, एम४ ला मात्र बसवला. तेव्हापासून ओपीएफ म्हणजे व्हिलन, असा समज रुजला. दहा पीएसचं दुःख मला कळतं. पण स्टेज १ मध्ये, म्हणजे फक्त इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून, त्याच्या कितीतरी पट परत मिळतात, तेही फिल्टरला हात न लावता.

फिल्टर जळतो कधी, भरतो कधी

हे समजल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण ट्यूनिंगची निम्मी चर्चा इथेच संपते.

आत सिरॅमिकची जाळी असते, शेकडो बारीक चौकोनी नळ्या. एक नळी पुढून उघडी आणि मागून बुजवलेली, शेजारची बरोबर उलटी. धूर एकीतून शिरतो, सच्छिद्र भिंतीतून झिरपून दुसरीतून बाहेर पडतो, काजळी भिंतीवर राहते. ही काजळी साधारण ५५० ते ६०० अंशांच्या पुढे जळते, पण जळायला ऑक्सिजन लागतो. पेट्रोल इंजिनाचा धूर गरम भरपूर असतो, पण लॅम्डा १ वर, म्हणजे हवा आणि पेट्रोलच्या नेमक्या प्रमाणावर, चालताना त्यात ऑक्सिजन जवळजवळ नसतोच. तो येतो तुम्ही चालत्या गाडीत गॅस (अ‍ॅक्सिलरेटर) पूर्ण सोडता तेव्हा. इंजेक्टर बंद होतात, इंजिन नुसती हवा पंप करतं, ती हवा तापलेल्या फिल्टरमधून जाते आणि काजळी जळून जाते.

म्हणजे ऑटोबानवर जोरात चालवून अधूनमधून गॅस सोडणाऱ्याचा फिल्टर आपोआप साफ राहतो. जानेवारीत रोज घर ते एस-बान स्टेशन असं चार किलोमीटर जाणाऱ्याचा भरत जातो. ट्यून केलेली गाडी जास्त काजळी करते म्हणून फिल्टर जातो, हे अर्धंच खरं आहे. मी पाहिलेले भरलेले फिल्टर बहुतेक बिनट्यूनच्या, गावातल्या गावात फिरणाऱ्या गाड्यांचे होते.

काजळीबरोबर राखही साठते. ती येते इंजिन ऑइलमधल्या कॅल्शियम, झिंक, फॉस्फरसच्या अॅडिटिव्हमधून, आणि ती कशानेही जळत नाही. चुलीतलं लाकूड संपतं, राख मात्र हातानं काढावी लागते, तसंच हे. फरक एवढाच की इथे हात घालायला जागा नाही. काजळीचा आकडा वर-खाली होतो, राखेचा फक्त वर जातो.

ट्यूनरकडे जाण्याआधी

सेकंडहँड गाडी असेल तर पहिलं काम खिशातल्या रुमालाचं. सायलेन्सरच्या नळीत आतून बोट किंवा रुमाल फिरवा. ओपीएफ शाबूत असलेल्या गाडीची नळी आतून जवळजवळ स्वच्छ असते. रुमाल काळाकुट्ट निघाला तर फिल्टर फुटलाय, किंवा आधीच्या मालकानं तो पोकळ केलाय. मग गाडी लिफ्टवर घेऊन डबा बघा: कापून पुन्हा जोडलेली वेल्डिंगची रेघ, डब्यावर टिचकी मारली की पोकळ आवाज, सेन्सरच्या नळीचं बुजवलेलं तोंड. अशी गाडी मी तरी घेणार नाही, कितीही स्वस्त असो. नवा फिल्टर आणि मूळ सॉफ्टवेअर दोन्ही तुमच्याच खिशातून जाणार.

दुसरं, दाबाचा सेन्सर. हे जरा बारकाईनं सांगतो, कारण इथेच लोक चकतात. फिल्टरच्या आधी आणि नंतर अशा दोन स्टीलच्या नळ्या निघतात, त्यांना रबरी नळ्या जोडून त्या वर एका छोट्या प्लास्टिकच्या सेन्सरपर्यंत नेलेल्या असतात. काही गाड्यांत फिल्टरच्या आधीची एकच नळी असते, तुलना बाहेरच्या हवेशी होते. रबर उष्णतेनं कडक होतं, टोकाशी चिरतं. हिवाळ्यात नळीत पाणी साचून गोठतं. त्यामुळे इग्निशन चालू आणि इंजिन बंद ठेवून सेन्सरचा आकडा वाचा. तो शून्य किंवा शून्याला अगदी चिकटून हवा. इंजिन बंद असताना आठ-दहा मिलिबार दाखवत असेल तर सेन्सर सरकलाय, आणि त्यावरून काढलेलं प्रत्येक अनुमान चुकणार. नळ्या दोन बोटांनी दाबत शेवटपर्यंत जा, टोकाशी वाकवून चीर दिसते का बघा. पी२००२ किंवा पी२४५२ हा कोड आला की लोक थेट नव्या फिल्टरची किंमत विचारतात. आधी या नळ्या बघा, त्या किरकोळ पैशांत मिळतात.

तिसरं काम म्हणजे मूळ अवस्थेची नोंद. गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारं व्हीसीडीएस, ओबीडीइलेव्हन, जे असेल ते चालेल. इंजिन ऑइल ९० अंशांच्या आसपास आल्यावर, मोकळ्या रस्त्यावर, तिसऱ्या गिअरमध्ये २००० आरपीएमपासून वरपर्यंत पूर्ण गॅस. शेजारी कुणीतरी लॅपटॉप घेऊन बसलेलं हवं, चालवणाऱ्यानं स्क्रीनकडे बघायचं नाही. नोंदवायचं काय: मागितलेला आणि मिळालेला बूस्ट (टर्बोनं दिलेला हवेचा दाब), वेस्टगेटची (टर्बाइनला वळसा देणाऱ्या झडपेची) स्थिती, लॅम्डा, प्रत्येक सिलिंडरमध्ये मागे घेतलेली इग्निशन (ठिणगी किती उशिरा टाकली ते), आत जाणाऱ्या हवेचं तापमान, धुराचं तापमान, ओपीएफवरचा दाब, काजळीचं वजन, राखेचं वजन. ट्यूननंतरचं सगळं मोजमाप याच फाइलशी ताडायचं आहे. ओपीएफवरच्या दाबाचा 'योग्य आकडा' म्हणून जे काही फिरतं त्याच्या नादी लागू नका. तो गाडीगणिक, जाळीच्या आकारागणिक वेगळा असतो. तुमच्या गाडीचा आधीचा आकडा हीच तुमची पट्टी.

नोंदीत काजळी नेहमीच वर दिसत असेल, किंवा एका लांबच्या प्रवासानं खाली येऊन दोन-तीन दिवसांत पुन्हा चढत असेल, तर ट्यूनिंग थांबवा. उघडा अडकलेला थर्मोस्टॅट, गळका इंजेक्टर, ऑइल खाणारं इंजिन, बिघडलेला ब्रीदर व्हॉल्व्ह, यांपैकी काहीतरी आहे. अशा इंजिनावर जास्त बूस्ट घालणं म्हणजे दुखणं महाग करून घेणं.

ऑइल आणि पेट्रोल

इथे एकच नियम: कमी राखेचं ऑइल. डब्यावर एसिआ (युरोपातलं ऑइलचं मानक) सी३, सी५ किंवा सी६ असेल तर सल्फेटेड राख ०.८ टक्क्यांपर्यंत असते. ए३/बी४ ऑइलमध्ये ती १ ते १.६ टक्के. गोल्फला फोक्सवागेन ५०८ ०० किंवा ५०४ ००, जे हँडबुकात लिहिलंय तेच. ट्यून केली म्हणून 'रेसिंगचं' १०डब्ल्यू-६० ओतणारे भेटतात. ती बहुतेक जास्त राखेची असतात, आणि त्या दाट ऑइलची या इंजिनाला गरजही नाही. ऑइल तेच ठेवा, बदलण्याचं अंतर कमी करा. ट्यून केलेल्या गाडीला ३०,००० किलोमीटरचा लाँगलाइफ हिशेब मी कधीच लावत नाही, १०,००० ला बदलायला सांगतो.

पेट्रोल ९८ पासून पुढचं. जर्मनीत १०० आणि १०२ ऑक्टेन पंपावर सहज मिळतं, मॅपही (इंजिनाला बूस्ट, इंधन, ठिणगी किती ते सांगणारी सॉफ्टवेअरची फाइल) त्यावरच बनवून घ्या आणि मग पैसे वाचवायला ९५ ई१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं) भरू नका. ऑक्टेन वाढवणाऱ्या बाटल्या मात्र लांब ठेवा. त्यांतल्या कित्येकांत मँगनीज किंवा लोखंडाची संयुगं असतात, ती जळून धातूची राख होते आणि सरळ फिल्टरमध्ये बसते. राइनपलीकडे फ्रान्समध्ये ई८५ (बहुतांश इथेनॉल असलेलं इंधन) स्वस्त मिळतं म्हणून टाकी भरून येणारे आहेत. त्या इंधनाचा वेगळा मॅप नसेल तर नको.

मॅप कसा मागायचा

ओपीएफ अडथळा करतो हे खरंच आहे, नाकारत नाही. पण तो नेमका कुठे करतो ते कळलं की काय मागायचं ते कळतं. हवा २० टक्के जास्त गेली की जाळीवरचा दाब २० टक्क्यांपेक्षा जास्तच वाढतो, कारण भिंतीतून झिरपण्याचा विरोध प्रवाहाच्या प्रमाणात वाढतो, पण आत शिरताना आणि बाहेर पडतानाचा विरोध प्रवाहाच्या वर्गानं वाढतो. त्यात टर्बो त्याचं ओझं वाढवतो. टर्बाइनच्या आधीचा दाब नंतरच्या दाबाच्या दुप्पट असेल आणि फिल्टरमुळे नंतरचा दाब ०.१ बार वाढला, तर तेवढंच काम काढायला आधीचा दाब ०.२ बार वाढावा लागतो. म्हणजे सिलिंडरमध्ये जुना गरम धूर जास्त उरतो, नॉक (मिश्रण आपोआप पेटून इंजिनात ठोका बसणं) वाढतो, ईसीयू (इंजिनाचा संगणक) इग्निशन मागे घेतो, आणि मागे घेतलेली इग्निशन धुराचं तापमान आणखी वर नेते.

हे सगळं घडतं वरच्या आरपीएमला. मधल्या पट्ट्यात, २५०० ते ५००० मध्ये, फिल्टर फारसा आड येत नाही, आणि रस्त्यावर गाडी तुम्ही तिथेच चालवता. म्हणून ट्यूनरला सांगायचं: मधला टॉर्क भरदार दे, ५५०० च्या पुढे उतरता ठेव, पाटीवरचा मोठा आकडा मला नको. १५०० ला धाडकन टॉर्कही नको. कमी आरपीएमवर जास्त बूस्ट म्हणजे थेट-इंजेक्शन इंजिनात अवेळी प्रज्वलनाला आमंत्रण.

पुढचे प्रश्न तोंडी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. फिल्टरचं निरीक्षण, काजळीचा हिशेब, रिजनरेशन (साचलेली काजळी जाळणं), यातलं काही बंद केलंय का? उत्तर 'काही नाही' हेच हवं. वरच्या लोडला लॅम्डा किती ठेवलाय? थंड ठेवण्यासाठी पेट्रोल ओतून मिश्रण गडद करणं ही जुनी सवय आहे. त्यानं काजळी वाढते. त्याऐवजी बूस्ट थोडा कमी करून लॅम्डा १ च्या जवळ राहणारा ट्यूनर मला जास्त आवडतो. आणि फाइल तुमच्या गाडीच्या लॉगवरून दुरुस्त करून देणार, की सगळ्या गोल्फना एकच?

फटाक्यांबद्दल वेगळं. गॅस सोडल्यावर सायलेन्सरमधून फट-फट आवाज यावा म्हणून पाय उचललेला असतानाही इंधन टाकून इग्निशन खूप मागे नेतात. ते पेट्रोल सिलिंडरऐवजी पुढे एक्झॉस्टमध्ये जळतं. समोर काजळीनं भरलेला, आधीच तापलेला फिल्टर असेल तर आत तापमान १००० अंशांच्या पुढे जाऊन जाळी तडकते किंवा वितळते. मूळ सॉफ्टवेअर फिल्टर फार भरला की इंधन तोडणंच टाळतं, याच भीतीनं. गिऱ्हाइकानं कितीही गळ घातली तरी ओपीएफच्या गाडीत मी हे करून देत नाही. शेजारच्या जर्मन आजीबाईंचे आशीर्वाद मिळतात तो भाग वेगळा.

डायनोवर चढवली की गाडीखाली वारा नसतो, पुढचा पंखा कितीही मोठा असला तरी. सलग तीन-चार पूर्ण रन मारले की फिल्टर आणि कॅट (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) रस्त्यापेक्षा बरेच जास्त तापतात. रनमध्ये अंतर ठेवायला सांगा. जो ट्यूनर घाई करतो त्याच्याकडून गाडी परत घ्या.

पैसे कुठे घालायचे

इंटरकूलर. प्रश्नच नाही. आत जाणारी हवा थंड असली की इग्निशन मागे घ्यावी लागत नाही, धूर थंड राहतो, तीच ताकद कमी बूस्टमध्ये मिळते, म्हणजे फिल्टरमधून जाणारा प्रवाहही कमी. उन्हाळ्यात दुसऱ्या-तिसऱ्या रनला फरक लॉगमध्ये स्पष्ट दिसतो. स्पार्क प्लग नवे घाला. एअर फिल्टरच्या उघड्या शंकूंवर आवाजाखेरीज काही मिळत नाही.

एक्झॉस्ट हवाच असेल तर ओपीएफच्या मागचा भाग घ्या, ईसीई मंजुरीचा (युरोपात मान्य असलेला). आवाज थोडा खुलतो, कागद स्वच्छ राहतात. कॅट आणि फिल्टर दोन्ही असलेले मंजूर स्पोर्ट डाउनपाइपही (टर्बोच्या लगेच पुढची एक्झॉस्टची नळी) काही मॉडेलसाठी मिळतात. महाग असतात, पण स्टेज २ (सॉफ्टवेअरबरोबर एक्झॉस्टसारखे भागही बदलणं) करायचीच असेल तर कायदेशीर रस्ता तोच.

कागद

जर्मनीत धूर किंवा आवाज बिघडवणारा बदल केला की वाहतूक नियमावलीच्या कलम १९ नुसार गाडीची बेट्रीब्सएरलाउबनिस (रस्त्यावर चालवण्याची मंजुरी) संपते. मग अपघात झाल्यावर विमा कंपनी काय म्हणेल याचा विचार तुम्हीच करा. ट्युफमध्ये (गाडीच्या ठराविक काळानं होणाऱ्या सक्तीच्या तपासणीत) कणमोजणी १ जुलै २०२३ पासून सुरू झाली, पण ती युरो ६ डिझेलसाठी. त्यामुळे 'पेट्रोलला कोण पकडतंय' असं ऐकायला मिळतं. पकडायला मशीन लागत नाही. वाकून बघणारा परीक्षक किंवा मानहाइमसारख्या शहरात रात्री गाड्या थांबवणारा पोलिस पुरतो. व्हिसावर राहणाऱ्या माणसानं असलं लचांड कशाला मागे लावून घ्यायचं?

सॉफ्टवेअर घ्यायचं तर टाइलेगुटाख्टेन (त्या बदलाचा तपासणी अहवाल) असलेलं घ्या. ते बसवल्यावर परीक्षकाकडून तपासून घ्यायचं, नवी ताकद फारत्सोइगशाइनमध्ये (गाडीच्या नोंदणीच्या कागदात) चढवायची, विमा कंपनीला कळवायचं. हप्ता थोडा वाढतो. लीजची गाडी असेल तर लीज कंपनीची लेखी परवानगी नसताना हात लावू नका. वॉरंटीत असेल तर फोक्सवागेनच्या सर्व्हिसमध्ये बदललेलं सॉफ्टवेअर ओळखून टीडी१ नावाची, वॉरंटी अडवणारी खूण लागते, आणि ती मूळ फाइल परत टाकून पुसली जात नाही.

ट्यूननंतर चालवणं

पहिल्या काही किलोमीटरला, ऑइल गरम होईपर्यंत, अर्ध्यापेक्षा जास्त गॅस नको. ट्यून केलेल्या इंजिनाची सर्वात जास्त काजळी इथेच होते. आठवड्यातून एकदा तरी इंजिन पूर्ण तापल्यावर पंधरा-वीस मिनिटं मोकळ्या रस्त्यावर न्या. तिसरा-चौथा गिअर, ३००० ते ४००० आरपीएम, थोडा वेग घ्या, मग पाय पूर्ण उचला. ब्रेक नको, क्लच नको, गिअर तसाच. गाडी इंजिनाच्या जोरावर मंदावू द्या, पुन्हा वेग घ्या. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडमध्ये, आणि पाय उचलल्यावर न्यूट्रलमध्ये तरंगण्याचा इको मोड बंद करून. त्यात फिल्टरला ती हवाच मिळत नाही, तो तसाच राहतो. मागची गाडी बघून, अर्थात. डॅशबोर्डवर फिल्टरचा दिवा आला असेल तर हँडबुकातली कृती वेगळी असू शकते, मग तीच करा. दिवा लागूनही आठवडाभर गावातच फिरवलीत तर पुढची पायरी वर्कशॉपची.

ऑइल बदलताना दर वेळी तोच तिसऱ्या गिअरचा लॉग पुन्हा काढा, शक्यतो तशाच हवामानात. राख किंचित वाढलेली दिसेल, ते ठीक. काजळी जळून गेल्यावरही त्याच आरपीएमला दाब आधीपेक्षा बराच वर असेल आणि वेस्टगेट आधीपेक्षा जास्त बंद होत असेल, तर वरचा टॉर्क आणखी उतरवून घ्या. दाब अचानक खाली आला असेल तर खूश होऊ नका. नळी निसटलीय किंवा जाळी फुटलीय. पुन्हा रुमाल काढा.